खालची वस्ती, विचारलं एक, हो एक

हॅलो?… हॅलो, कोण, राजनंदिनी का?… आवाज तुटतोय पोरी… हां, आता आला. अगं, मी सिद्धलिंग आप्पा बोलतोय… कोण सिद्धलिंग काय! पंचायतीचा म्हातारा शिपाई. आठ दिवस आमच्या घरी जेवलीस आणि आवाज विसरलीस व्हय?

हां… व्हय, व्हय, तोच.

माझ्या तब्येतीला काय झालंय… बरी हाय, सूनबाई शिवप्रिया बी बरी हाय. आत भाकरी थापती… पोरगा सिद्धाराम मोटर दुरुस्तीला नळदुर्गला गेलाय, येईल सभेच्या टायमाला… अगं ते सगळं मागनं विचार, आधी माझं ऐक. तू हायस कुठं?

बसमध्ये?… उतरलीस. धाराशिवच्या स्टँडवर. बरं झालं. मग एका कडंला उभी रहा. तुझ्या घड्याळात किती वाजले?

सव्वानऊ. आणि सभा अकराला.

कसली सभा म्हणजे? ग्रामसभा! तुमच्या संस्थेनं गावातल्या बायकांना विचारून तक्ता केलाय न्हवं, तो आज वाचायचा हाय चावडीपुढं. आधी फळ्यावर डकवायचा, मग सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. डकवणार मी आणि वाचणार बी मीच. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी काल जळकोटहून छापून आणला. दोन प्रती. एक माझ्या हातात हाय, एक त्यांच्या पिशवीत.

न्हाय, लावला न्हाय अजून. खळ शिजवून डब्यात ठेवलीय, ब्रश हाय, फळा समोर हाय… हात व्हईना पोरी.

छपाई चांगली हाय गं. पहिल्या पानावर अक्षर बी मोठं हाय… तक्रार न्हाय. म्हणजे हाय. त्या कागदात एक बाई उघडी पडलीय.

नावं न्हाईत, ते दिसतंय मला… अगं ऐक ना. नावं न्हाईत, नावं न्हाईत, सकाळपासून मी बी स्वतःला हेच सांगतोय. तू तुझा कागद काढ… मोबाइलमध्ये हाय? मग उघड. पहिलं पान. ‘तीस वर्षांच्या आतल्या विवाहित महिला.’ त्याच्याखाली सवाल. वाचू का?… ‘घरात मारहाण होते का?’

हां, तेच पान. आता वस्त्या बघ. वरली वस्ती, विचारलं बारा, हो चार. मधली वस्ती, विचारलं नऊ, हो दोन. खालची वस्ती… वाच. तूच वाच.

विचारलं एक. हो एक.

आता सांग, खालच्या वस्तीत घरं किती? माझ्यासंगं हिंडलीस की… सहा. त्यातली चार घरं ढोकीकडं ऊस तोडाय गेलीत, कुलूप हाय. एका घरात म्हातारी एकटी. आणि राहिली… थांब, हळू बोलतो, रस्त्यानं माणसं चालल्यात. फोन कानाला दाब… नीलम्मा.

कळणार न्हाय? कुणाला कळणार न्हाय? अगं, तुमच्या संस्थेत कळणार न्हाय, धाराशिवात कळणार न्हाय. इथं कुणाच्या घरी आज कशाची भाजी हाय ते फोडणीवरनं सांगत्यात. आणि त्यातून तिचा मालक. तो ऊस वाहतो ट्रॅक्टरवर, एरवी महिना महिना घरी नसतो. पण परवा ट्रॅक्टर मोडला म्हणून आलाय. आज सभेला पुढंच बसणार, त्याला वस्तीच्या रस्त्याचं बोलायचं हाय. आणि मी त्याच्या तोंडासमोर उभं राहून वाचू, खालची वस्ती, विचारलं एक, हो एक? त्याला काय बोटं मोजाय यायची न्हाईत?

व्हय… व्हय, आठवतंय ना तुला? मग. आधी तोंडच उघडत नव्हती ती. तू सवाल विचारला की माझ्याकडं बघायची. मालक बी नेमका त्या दिवशी घरी आलेला. मग मी त्याला तंबाखू मळायच्या निमित्तानं बांधावर पुढं धाडला. तो लांब गेल्यावर मागं वळून तिला म्हणलं, सांग बाई, नाव कुठं येणार न्हाय, हा माझा शब्द हाय. आपल्या बोलीत म्हणलं, कन्नडमध्ये. ती काय म्हणाली ठावं हाय? ‘यारिगू हेळब्याड्री.’ कुणाला सांगू नका. एवढंच. आणि मग तुझ्याशी बोलली ती.

न्हाय, तुला दोष देत न्हाय मी. शब्द माझा हाय म्हणून तर तगमग व्हतीय. तू लिहून घेऊन गेलीस, मी इथंच राहतो. रोज पाण्याला जाताना ती माझ्या ओट्यावरनं जाती.

काय?… चांदणी?… म्हणजे त्या एकाच्या जागी चांदणी काढायची? आकडा झाकायचा. हां… बरं हाय की. सुचलं तुला. थांब, मी पेन घेतो… थांब… वरली वस्ती चार. मधली दोन. खालची, चांदणी. आणि खाली एकूण… सात.

पोरी.

अगं, एकूण सात. चार आणि दोन सहा. राहिलं किती?… हसू नको. माझ्यासारख्याला कळतंय, तर तो ट्रॅक्टरवाला रोज टनाचा हिशेब करतो. चांदणी काढली तर उलट सगळे विचारतील, हिथंच का झाकलंय.

मग बेरीज काढणार?… बेरीज काढली तर भाऊसाहेब विचारणार, एकूण किती, आणि आमच्या इथं चावडीवर बसलेली माणसं ती विचारल्याबिगर उठायची न्हाईत.

टक्के?… टक्क्यात लिहायचं म्हणतीस. हां. मला टक्के लवकर समजत न्हाईत, तूच करून सांग. वरली वस्ती बारात चार… तेहतीस टक्के. बरं. मधली… बावीस टक्के. आणि खालची?

कर की. एकात एक.

शंभर टक्के! वा. म्हणजे म्या वाचायचं, खालच्या वस्तीत शंभर टक्के बायका मार खातात. अगं, तिचा मालक मग सभेतनं घरी जायची बी वाट बघायचा न्हाय.

न्हाय, चिडत न्हाय. तू बी चिडू नको. बोल, बोल… ‘पाचपेक्षा कमी’? तसं लिहितात व्हय तुमच्यात? साहेबांच्या पुस्तकात हाय?… हाय तर चांगलंच असंल. पण बघ, विचारलं एक. त्यात हो किती, तर पाचपेक्षा कमी. म्हणजे शून्य न्हायतर एक. शून्य असतं तर शून्यच लिहिलं असतं की तुम्ही! शून्य कोण कशाला झाकंल?

व्हय ना?… तेच म्हणतोय मी.

…

आलो भाऊसाहेब, आलो! दहा मिनटं!… खळ पातळ झालीय, घट्ट व्हऊ द्या जरा!… हॅलो, तुला न्हाय, भाऊसाहेब हाक मारत होते चावडीतनं. माझा ओटा समोरच की. बोल.

साहेबांना विचारतीस? विचार. ठेवू नको मात्र फोन. परत लागायचा न्हाय. मी थांबतो.

…

हां, हां, हाय मी.

काय म्हणाले?… वस्तीवारच पाहिजे? का?… अगं, खालच्या वस्तीला रस्ता न्हाय, दिवा न्हाय, हे मला सांगायला नको. मंजुरीला वस्तीवार आकडा लागतो, ते बी खरं. पण मग दिव्याचा आकडा वस्तीवार द्या. पाण्याचा द्या. संडास किती, गळती घरं किती, ते एकेका घराचं लिहा, कोण नको म्हणतंय? गळक्या पत्र्याला कुणी मारत न्हाय. हा एकच सवाल वस्तीवार देऊ नका. साहेबांना म्हणावं, आप्पा म्हणतोय, तीस वर्षं म्या कागद डकवले ते न वाचता. जे दिलं ते लावलं. लिलाव असो, मयताची बातमी असो. काय लावतोय ते मलाच ठावं नसायचं. आता वाचता येतंय, तर वाचून लावणार.

विचार परत. उभाच हाय मी.

…

हां… काय?… सगळ्या गावाचा एकच आकडा? वस्त्या काढून टाकायच्या. विचारलं बावीस, हो सात. बास?

बास. … व्हय, हे जमंल. बावीसात सात म्हणजे कुणी बी असंल. गावात बावीस सुना, कोण कुणावर बोट ठेवणार? … जमंल पोरी. साहेबांना माझा रामराम सांग. मघाशी बोललो ते मनावर घेऊ नका म्हणावं.

आणि ते नेटवर टाकलंय का तुम्ही?… टाकलंय? कधी?… आज सकाळीच. मग आधी ते काढ. आत्ता. मोबाइलवरनं व्हत असंल तर आत्ता काढ, न्हायतर रिक्षा कर. आमच्या पोरांच्या हातात सारखा मोबाइल असतो… हां, सांग त्यांना. ऑफिसात कोण असंल त्याला सांग.

…

झालं? बघितलंस परत?… बरं. आता जरा जीव खाली बसला.

आणखी काय?… आणखी कुठं एक हाय का? म्हणजे?… असं एकाला एक. बघतो की. तुला गाव ठावं न्हाय, बरोबर हाय, तुला कसं कळणार कुठला आकडा कुणाचा. मला दिसंल… पहिल्या पानावर न्हाय आणखी. मी बोट ठेवून बघितलंय. दुसरं पान म्या वाचलंच न्हाय अजून. लई बारीक अक्षर हाय त्यावर, किड्यामुंग्यावाणी. थांब, उन्हाकडं धरतो.

कोण?… अगं, ठेव तिथं. ठेव, पितो मी. राजनंदिनी हाय फोनवर… हॅलो, शिवप्रिया चहा घेऊन आलीय, तुला विचारती, परत कधी येणार?… येती म्हणाली गं! जा, तवा जळंल… गेली आत. हां.

दुसरं पान. ‘शिक्षणानुसार.’ ह्यात बी वस्त्या हायेत की. ह्या बी काढा… वाचतो, वाचतो. घाई करू नको, माझं वाचणं सायकलीवाणी हाय, चढाला उतरून ढकलावं लागतंय. वरली वस्ती. सातवीपर्यंत पाच, हो तीन. बारावीपर्यंत सात, हो एक. पदवी, नुसती रेघ. म्हणजे कुणी न्हाय. बरोबर हाय, न्हाईच कुणी.

मधली वस्ती, आमची. सातवीपर्यंत तीन, हो शून्य. बारावीपर्यंत पाच, हो एक. पाचात एक, कळायचं न्हाय ते. पदवी, विचारलं एक… ह्या! बघ, इथं बी तेच केलंत तुम्ही! अगं, मधल्या वस्तीत पदवी झालेली सून एकच. कुणाला बी विचार. आमची शिवप्रिया! बी.ए., तुळजापूरच्या कॉलेजातनं. निकाल लागला तवा लग्न व्हऊन दोन महिने झाले होते, पेढे म्या वाटले घरोघर. खालच्या वस्तीत जाऊन वाटले. आकडा दिसला की शेंबडं पोर सांगंल, ही आप्पाची सून, आणि तिचं उत्तर…

…

हो एक.

…

हॅलो?

हॅलो, हायस का?… मग बोल की.

न्हाय न्हाय. छापताना चुकलं असंल. ओळ सरकली असंल, वरच्या वस्तीचा आकडा इकडं आला असंल… तिथं रेघ हाय, व्हय. रेघ हाय खरी… मग तुझ्या हातनं चुकलं असंल, लिहून घेताना. दिवसाला वीस घरं करत होतीस, दमत होतीस… म्हण ना, चुकलं म्हणून.

का म्हणत न्हाईस?

सांगता येत न्हाय? मला?… मी काय परका हाय व्हय? माझ्या घरी जेवलीस आठ दिवस! माझी सून हाय, माझा पोरगा हाय, माझ्या घरातली गोष्ट हाय ही! घरच्या माणसाला कळायला नको?

…

काय म्हणालीस?

… व्हय.

व्हय. नीलम्माच्या मालकाचं बी घरच हाय ते. तो बी असंच म्हणाला असता.

…

बरं. बरं, पोरी. तू हो म्हणू नको. न्हाय बी म्हणू नको. बरोबर करतीस तू. मी परत विचारणार न्हाय.

…

रडत न्हाय मी. चहा गरम हाय.

वेळ अमावस्येला शेतात पूजेला गेलो होतो सगळे. भज्जी, उंडे, आंबिल, सगळं तिनंच केलेलं, पहाटे उठून. जेवाय बसली आणि आंबिल पिईना. इथं, ओठाच्या कडंला फुटलेलं. म्या विचारलं, काय झालं गं? म्हणाली, मामा, चव बघताना भाजलं. आणि सिद्धारामनं लगेच तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या सरकवला. मला बरं वाटलं बघ. म्हणलं, पोरगा काळजी घेतो.

पोळलेलं असं असतं व्हय? फोड येतो पोळल्यावर. चिरत न्हाय.

…

न्हाय पोरी, मला दिसलं न्हाय हे खोटं हाय. दिसलं होतं. नुसतं बघितलं आणि आंबिल पीत बसलो.

…

तिनंच मला अक्षरं शिकवली, ठावं हाय का तुला?… तिनं सांगितलं न्हाय? ती कुठली सांगती. लग्न व्हऊन आली तवा मी एकसष्टचा. अंगठा उठवायचो. म्हणाली, मामा, बाराखडी मागनं बघू, आधी तुमचं नाव. आणि माझं नाव बघ कसलं, सिद्धलिंग, त्यातला तो ‘द्ध’ चार दिवस येईना. ती हसायची न्हाय. पाटी पुसायची आणि परत काढून द्यायची. भाकरी व्हईपर्यंत पाच ओळी, असा रोजचा नेम. सिद्धाराम म्हणायचा, म्हाताऱ्याला मास्तर करायचंय का? ती काय बोलायची न्हाय.

बोलायची न्हाय. … व्हय.

यू दे त्याला आज. यू दे नळदुर्गहून. ती मोटरच घालतो त्याच्या टाळक्यात! बापाच्या घरात… माझी बायको असती ना, शांतम्मा असती, तर तिनं चुलीतलं लाकूड…

हां… हां, ऐकतोय.

व्हय, पहिला सवाल तोच करंल. तुम्हाला कुणी सांगितलं? … मी म्हणंल, कुणी न्हाय, कागदावर वाचलं. आणि कागदावर कसं आलं? तिनं सांगितल्याबिगर कसं आलं. … व्हय. मग तो माझ्यावर हात उगारायचा न्हाय. तो सभेतनं आल्यावर दार लावून…

मग काय करू? गप बसू? परत आंबिल पीत बसू?

तू शिकलेली हायस, तू सांग.

…

थांब थांब. काय दहा मिनटं झाली का भाऊसाहेब? आलो!… अहो, ऐका, तो दुसरा कागद द्या इकडं. पिशवीतला. … ह्याच्यावर खळ सांडली हो, डबा कलंडला! पार लगदा झालाय, बघा की… द्या, तोच लावतो… आणि हो, संस्थेचा फोन हाय, त्यात आकडे चुकलेत म्हणत्यात. नवा पाठवणार हायेत… मोबाइलवर. तुमच्या मशीनवर एखादं पान तरी निघंल की… व्हय, त्यांचीच चूक. आपली न्हाय… द्या.

हॅलो… मिळाला. दोन्ही माझ्याकडं हायेत. एक खळीत घातला खरोखरच, दुसरा आता घालतो. … तुमची चूक म्हणलं, चालंल न्हवं?… हाय म्हणा तुमचीच. बरं.

मोबाइलवर पाठवलंस?… थांब, टुंग वाजलं. आता बोलता बोलता हे कसं बघायचं… हां, दिसलं. ‘संपूर्ण गाव. विचारलं बावीस. हो सात.’ आणि दुसरं पान?… दुसरं पानच न्हाय. छान. शिक्षण काढलंस. लई छान.

आता ते मघाचं सांग. तुमच्या संस्थेच्या त्या सल्ला देणाऱ्या बाई, कोण म्हणालीस… उमाबाई. त्या येतात गावात?… मंगळवारी. बायकांशी एकेकटीनं बोलतात. बरं. पण मग कोण कोण त्यांच्याकडं गेली ते बघायला पारावर दहाजण बसतील… हां? बावीस जणींना बोलवायचं? सगळ्यांना?… रक्त तपासायच्या नावाखाली. प्रत्येकीला पंधरा मिनटं आत. आणि फोन नंबरची चिठ्ठी बी सगळ्यांना. हे बरं हाय. एकीच्याच हातात चिठ्ठी दिसली तर तिला घरी मरण. बावीस हातांत असली तर कुणाची कुठली. मी स्वतः बोलवायला जातो घरोघर. माझी दवंडीची सवय हाय… न्हाय, आमच्या घरी वेगळं काय सांगणार न्हाय. बाकीच्या एकवीस जणींना सांगंल तसंच तिला सांगणार. उंबऱ्यात उभं राहून.

जड जाईल. जाऊ दे.

आणि सभेत वाचतो मी. टाळणार न्हाय. हे वाचायला मला लाज न्हाय. बावीसात सात. थांबून थांबून वाचतो, म्हणजे मागं बसलेल्यांना बी कळंल. ज्याला त्याला वाटू दे, ह्या सातात माझं घर हाय का. ट्रॅक्टरवाल्याला वाटू दे. आणि माझा बी असंल बसलेला, पांढरा सदरा घालून. त्याच्याकडं न बघता वाचायचं हाय मला. तेवढं जमलं पाहिजे.

… व्हय. त्याच्याशी बोलीन. त्या कागदाचं न्हाय. त्याचं माझं काय असंल ते, बाप म्हणून. कधी, कसं, ते बघतो. उमाबाई येऊन जाऊ देत आधी. त्यांना विचारूनच बोलतो, शब्द हाय… ह्या वेळचा शब्द तुला देतोय. खाली पडू देणार न्हाय.

मंगळवारपर्यंत चार दिवस हायेत पण. चार दिवस, चार राती. … व्हय, तेच डोक्यात हाय माझ्या.

ठेवू नको. एक मिनट.

शिवप्रिया!… अगं, जरा भाईर ये… राहू दे पीठ, तशीच ये. ही खाट हाय ना माझी, ओट्यावरली. ही आजपासून आत घ्यायची. मधल्या घरात… न्हाय, तिकडं न्हाय. तुमच्या खोलीच्या दाराला लागून टाक… थंडी कशाची, ऊन भाजतंय की… खोकला बी न्हाय. असंच. माझी झोप लई हलकी झालीय गं. जरा भांडं वाजलं, कुणी मोठ्यानं बोललं, की टक्क जाग येती आणि उठून बसतो. मग उठायचंच हाय तर जवळ असलेलं बरं.

सिद्धाराम विचारंल, विचारू दे. मामांनी सांगितलंय म्हणावं. मामांची खाट हाय.

…

बस. बस खाली. … मी काय विचारत न्हाय तुला. काय सांगू बी नको. पदर घे तोंडाला, भाऊसाहेब समोर हायेत… भाकर करपली तर करपू दे.

…

हॅलो, पोरी… हायस का अजून?

न्हाय, काय न्हाय. ती बसलीय इथं. मी ठेवतो आता, ती खाट एकटीला उचलायची न्हाय.